गुरुवारचा फोन

मोहिनीच्या घागरीचं जेवण मी अकरा वेळा जेवलो आहे. जिवंत पोरीच्या नावाचं. आमरसाची दुसरी वाटीही मागून घेतली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी अमृत आप्पाला नावं ठेवू लागलो तर मला कुणी साधू समजायला नको.

आमचं गाव म्हसावदच्या पुढे, केळीच्या पट्ट्यात. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गोष्टी होतात. सासरच्या लेकी माहेरी येतात, आणि घरातलं जे माणूस गेलं त्याच्या नावानं पाण्याची घागर भरून भाऊबंदांना जेवू घालतात. आप्पाची थोरली मोहिनी बारा वर्षांपूर्वी परजातीच्या मुलाबरोबर निघून गेली. आप्पानं भावकीसमोर सांगितलं की ती आम्हाला मेली, आणि पुढच्या अखाजीला खरोखरच तिची घागर भरली. तेव्हापासून दरसाल. स्वयंपाक प्रमिलाबाईंनी करायचा, पोरीच्या आईनं. पुरण वाटताना त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. मोहिनीला चौथीपर्यंत मी शिकवलं होतं, पण मीही कधी बोललो नाही. मास्तर निवृत्त झाला की कणाही निवृत्त होतो की काय कोण जाणे.

यंदा गावातलं टेलिफोन केंद्र बंद करायची नोटीस आली. चालू फोनवाल्यांनी अर्ज भरून द्यावेत, फोन वापरात असल्याची लाइनमननं घरोघर खात्री करावी, मग विचार करू, असं वरच्या ऑफिसचं म्हणणं. लाइट गेली की मोबाइलची रेंज जाते, दवाखान्याला फोन लागत नाही, म्हणून गावानं समिती काढली. आप्पा अध्यक्ष, मी सचिव. आप्पा एवढा पेटून उठला की मला नवल वाटलं. सभेत 'गावाची शान' वगैरे बोलला. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला मिरवायला एक खुर्ची मिळाली.

प्रमिलाबाई मात्र का फिरताहेत हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मोहिनीला पाठ असलेला नंबर तेवढा एकच, घरातल्या फोनचा. तो बंद झाला तर पोरीनं फोन करायचा कुठे? गुडघे धरत धरत त्या उन्हातून दारोदार हिंडल्या आणि बेचाळीस अर्ज भरून घेतले. अर्जात 'फोन कशासाठी हवा' असा रकाना होता. मी सगळीकडे 'तातडीच्या प्रसंगी आवश्यक' असं ठोकून दिलं.

राहिला होता त्यांच्याच घरचा अर्ज. मंगळवारी सकाळी मी आणि लाइनमन उदेसिंग तिकडे गेलो. आप्पा मागच्या अंगणात आंघोळीला बसला होता. प्रमिलाबाईंनी फोनवरचा विणलेला रुमाल उचलला. आलेला नंबर दिसतो असा तो फोन आप्पानंच आणलेला. उदेसिंगनं दोन बटणं दाबून पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, "काकू, तुमचा फोन तर चांगला वापरात आहे. हा बघा, एकच नंबर, दर गुरुवारी अकराला. एकही चुकलेला नाही."

गुरुवार आमचा बाजाराचा दिवस. प्रमिलाबाई दहाला पिशवी घेऊन निघतात, एकला परततात.

त्यांनी वाकून तो छोटा पडदा पाहिला. शेजारी तारखा होत्या. एवढ्यात आप्पा टॉवेल गुंडाळून दारात आला आणि आमच्याकडे पाहताच जागच्या जागी थांबला. राँग नंबर असेल, असं काहीतरी तो पुटपुटला. दर गुरुवारी राँग नंबर. लहान पोरानंही एवढी कच्ची थाप मारली नसती.

प्रमिलाबाई त्याच्याकडे न बघता उदेसिंगला म्हणाल्या, "लाव बरं भाऊ तो नंबर."

उदेसिंगनं स्पीकर चालू करून नंबर लावला. दोनदा घंटी वाजली आणि एका मुलीचा आवाज आला, सात-आठ वर्षांची असावी.

"आबा? आज तं मंगयवार शे. आज कसाकाय फोन करा?"

उदेसिंग बिचारा बटणावरचं बोट काढायला विसरला. प्रमिलाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. त्यांनी नाव विचारलं, मुलगी रोहिणी म्हणाली. कुठून बोलतेस, तर नवापूर. नवापूर म्हणजे काय विलायत नाही, दुपारी निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचतो. मग मागून कुणीतरी फोन घेतला आणि कोण आहे म्हणून विचारलं. त्या आवाजात मी शाळेत पाढे ऐकले होते.

"मी. तुन्ही माय," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मग मोहिनी म्हणाली, "माय, आप्पा तं सांगतस, तू मन्हं नाव बी काढू देत नही घरमा."

मला खरंच वाटलं की कुणीतरी माझ्याच मुस्काटात मारली. आप्पानं लपवलं ते एक. पण आईच तोंड बघायला तयार नाही, हे पोरीला सांगायचं? चौकट धरून तो भरभर बोलू लागला. भावकीला कळलं असतं तर धाकट्या काजलचं लग्न अडलं असतं, बायकांच्या पोटात काही राहत नाही, पोरीनं भलत्या वेळी फोन करू नये म्हणून तसं सांगावं लागलं. काजलचं लग्न होऊन तीन वर्षं झाली आहेत. त्या लग्नातही आम्ही जेवलो.

प्रमिलाबाईंचा आवाज चढला नाही. "अकरा वरीस मी इन्हा नावनं पुरन वाटं," त्या म्हणाल्या, "आनि तुम्ही गुरवारे गुरवार इन्हासंगे बोलतस."

मग त्यांनी उदेसिंगला स्पीकर बंद करायला लावला आणि आम्हा तिघांना बाहेर काढून दार लोटलं.

आम्ही ओट्यावर बसलो. आप्पा तसाच, ओल्या अंगानं. मला त्याचा संताप येत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, लाइन राहील ना गुरुजी? म्हणजे हाही त्याचसाठी धडपडत होता. एकाच घरात, एकाच पोरीसाठी दोघं गावभर फिरले, आणि या माणसानं बायकोला अंधारात ठेवलं.

तासाभरानं दार उघडलं. प्रमिलाबाईंचे डोळे सुजले होते. त्यांनी माझ्या हातातला अर्ज पाहिला. फोन आप्पाच्या नावावर होता.

"गुरुजी, फोन मन्हा नाववर करानं लिखा," त्या म्हणाल्या. "यासनी सही ल्या."

आप्पानं कुठे म्हणून विचारलं आणि सही केली. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि त्या रकान्याशी आलो. सवयीनं 'तातडीच्या' एवढं लिहूनही झालं होतं.

"खोडा ते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लिखा, मन्ही पोरना फोन येस."

मी ते खोडलं आणि तसंच लिहिलं.