बाथरूमची कडी

दांडी माझ्या हातात आली. भिंतीतून अख्खी, स्क्रूंसकट. मी आणि दांडी दोघीही नव्याकोऱ्या फरशीवर दाणकन आपटलो, आणि ठेकेदाराने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो ताई, लटकायला नाहीये ती! नुसता हात टेकायला आहे!"

"घसरणारा माणूस नुसता हात टेकतो होय?" मी कंबर चोळत म्हटलं. "आई घसरली तर सगळं वजन त्यावरच टाकणार. आज मी पडले म्हणून निभावलं. भिंत फोडा आणि नीट बसवा."

"होऊन जाईल," तो म्हणाला.

आम्ही त्याचं नावच 'होऊन जाईल' ठेवलं होतं. नळ गळतोय? होऊन जाईल. दार घासतंय? होऊन जाईल. कसं आणि कधी, हे विचारायची सोय नाही. मी मात्र विचारायची. कपड्यांच्या कारखान्यात माल तपासण्यात माझा जन्म गेलाय. बटण ओढून बघितल्याशिवाय मी शर्ट पुढे सोडत नाही, आणि 'पक्कं आहे हो' असं कुणी म्हणालं की जरा जास्तच जोरात ओढते. खोटं वाटत असेल तर माझ्या नवऱ्याला विचारा.

आणि इथे तर प्रश्न शर्टाचा नव्हता. गेल्या वर्षी आई याच बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून तिला आंघोळ घालायची ती मी, नाहीतर कामाला ठेवलेली बाई. आई बिचारी मान खाली घालून बसायची. दादाचं म्हणणं, हे घर बंद करून तिने त्याच्याकडे राहायला यावं. त्यावर आई एकदाच बोलली होती, "माझी आंघोळ माझी मला करता आली तर मी इथेच राहीन. नाही जमलं तर न्या कुठे न्यायचं तिथे." म्हणून हे काम काढलं होतं. रविवारी दादा येऊन बघणार होता.

दांडी पुन्हा बसवताना ठेकेदाराने टेपेने मोजून भिंतीवर खूण केली. मी म्हटलं, टेप ठेवा खिशात. आईला आत स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, डोळे मीट आणि ऊठ. उठताना तिचा हात भिंतीवर जिथे गेला तिथे मी खडूने खूण केली. टेपेची खूण खडूच्या खुणेपेक्षा वीतभर वर होती.

"आजी जरा बुटक्या आहेत," ठेकेदार म्हणाला.

"तुझी टेप उंच आहे," आई म्हणाली.

किती महिन्यांनी तिच्या तोंडून असं काही ऐकलं! मला इतका आनंद झाला की मी ठेकेदाराला चहा पाजला. पण चहा संपल्यावर बादलीभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून ऐटीत दाराकडे निघालं.

"थोडं पाणी तर राहणारच, ताई."

"थोड्याच पाण्यात माणूस घसरतो. जास्त पाण्यात पोहतो. उतार काढा नीट."

त्याने फरशीच्या दोन ओळी उखडल्या. उखडताना म्हणाला, "तुमच्यासारखी चार गिऱ्हाईकं मिळाली तर मी धंदा बंद करीन." मी म्हटलं, घाबरू नका, मी एकच आहे. पण माणूस वाईट नव्हता. पुढच्या खेपेला मी बादली उचलायच्या आधी त्यानेच ओतून दाखवली.

शनिवारी दारं रंगवून झाली. मी दांडीला पुन्हा लटकले, हलली नाही. नळ बघितले, फरशी बघितली, दार लावून बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतली कडीच गायब! भोकंसुद्धा लांबी भरून बुजवलेली.

"साहेबांचा फोन आला होता," ठेकेदार पुटपुटला. "म्हणाले, कडी ठेवू नका."

मी तिथूनच दादाला फोन लावला. "एवढं वाटतं तर इथे येऊन उभा राहा ना! तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस!"

तो चिडला नाही. "मागच्या वेळी ते दार मी फोडलंय," तो म्हणाला. "आत ती कण्हत होती आणि मला आत जाता येत नव्हतं. तू नव्हतीस तिथे."

खरं होतं त्याचं. दांडी ओढून बघता येते, पाणी ओतून बघता येतं. हे कसं तपासायचं? मलाही भीती वाटायला लागली. मी म्हटलं, "बघू. नको तर नको."

तेव्हा ठेकेदार माझ्याकडे पाठ करून आईसमोर गेला. "आजी, तुम्ही सांगा. लावू की नको?"

"लाव," आई म्हणाली. "दार नुसतं लोटून कसली रे आंघोळ?"

तो संध्याकाळी नवी कडी घेऊन आला. आतून लागणारी, पण बाहेरून खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडणारी. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो नुसतं "बरं" म्हणाला.

रविवारी आई कपडे घेऊन आत गेली. कडी खट्कन लागली. दादा दारापाशीच खुर्ची टाकून बसला, हातात नाणं. मी त्याच्या शेजारी उभी. ठेकेदारही आला होता, उगाच बिजागरीत तेल सोडत होता.

पाणी वाजायला लागलं. बराच वेळ वाजलं. मग बंद झालं.

आतून काहीच आवाज नाही. दादाने माझ्याकडे बघितलं. दांडी पक्की आहे, मी स्वतःला सांगितलं, फरशी कोरडी होते, सगळं मी बघितलंय. दादा उठला आणि त्याने नाणं खाचेत घातलं. मी त्याला अडवलं नाही.

"नाणं काढ ते," आई आतून म्हणाली. "पडले नाहीये मी."

"मग काय करतेयस?" दादाचा आवाज चिरकला.

"काही नाही. नुसती उभी आहे. वर्षभरात आज पहिल्यांदा मला कुणी बघत नाहीये."

दादाने नाणं काढून खिशात टाकलं आणि खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत नेली. "सावकाश होऊ दे, आई," तो तिथून म्हणाला.