उजवा गुडघा

"हॉकीचा कॅम्प बंद झालाय," ऋतुराज फोनवर म्हणाले. पुणे स्टेशनावरची घोषणा मागून कानात घुसत होती. "सगळ्या प्लेअरना आपापल्या युनिटला पाठवाय लागलेत. मी जम्मूला निघालोय. परवा सकाळी पोचतोय."

माझ्या हातात कणकेचा गोळा होता. "आणि गुडघा?"

"गुडघ्याचं काय?"

"काय म्हंजे? पळायला लागलं तर?"

"हळू बोल की, आई ऐकंल! कुणाला काय बोलायचं न्हाय. शपथ हाय तुला." आणि फोन कट झाला. गाडी लागली असणार.

मे महिन्याची आठ तारीख. लढाईचा दुसरा दिवस. बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी टीव्ही मोठ्यानं लावला होता आणि त्यावर सारखा हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजत होता. आता उचगावात कसला आलाय भोंगा! पण तो वाजला की माझी चार वर्षांची मोना माझ्या पोटाशी तोंड खुपसायची. "बंद करा की ते," असं मी तीनदा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "माझं पोरगं तिकडं चाललंय, मला बघू दे."

खरं सांगते, फौजेतला नवरा मला नकोच होता. वडीलही नाही म्हणून बसले होते. तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "अवो पावणं, फौजेत म्हंजे नावाला. पोरगं हॉकी खेळतंय. बॉर्डर ते टीव्हीतच बघतंय, तुमच्या-आमच्यागत." त्या एका बोलण्यावर माझं लग्न झालं. कोल्हापूरला वेड फुटबॉलचं. नवरा हॉकी खेळतो म्हटलं की लोक "असं व्हय" म्हणायचे आणि विषय बदलायचे. बदलू देत. माझा माणूस हॉकीची काठी घेऊन उभा आहे, बंदूक घेऊन नाही, एवढ्यावर मी सहा वर्षं निवांत झोपले.

गुडघ्याचं कळलं मार्चमध्ये, ते सुट्टीवर आले तेव्हा. शहरातल्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, ऑपरेशन करा आणि नऊ महिने खेळ विसरा. ऋतुराज तिशीला टेकलेले. नऊ महिन्यांत त्यांच्या जागी बाविशीतला कुणीतरी उभा राहिला असता आणि ह्यांना परत कोण विचारतंय! "मी पेनल्टी कॉर्नर मारतोय," ते मला समजावत होते. "एका जागी उभं ऱ्हायाचं, बॉल आला की हाणायचा. पळतंय कोण? एवढा सीझन काढतो, मग सांगतो साहेबांस्नी." फौजेच्या डॉक्टरांना काही कळू द्यायचं नव्हतं. त्यांनी माझा हात मोनाच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली आणि रिपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली गेला.

मैदानात पळायचं टाळता येतं. पण वरून गोळे पडायला लागल्यावर हा माणूस कुठं टाळाटाळ करणार? त्या रात्री माझा डोळा लागला नाही. डोळे मिटले की ते पळताना दिसायचे आणि पाय दुमडून खाली बसायचे.

सकाळी शेजारच्या तानाबाई आल्या. "नशीब काढलंस बाई! आता खरा जवान झाला तुझा नवरा. काठी टाकून बंदूक धरली."

"तुमच्या पोराला पाठवा की मग," मी म्हणाले. त्या तोंड वाकडं करून निघून गेल्या.

"तुझ्या जिभेला काय हाड हाय का न्हाय?" सासूबाई रागावल्या. मग मोनाला मांडीवर घेऊन स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "काय हुईत न्हाय त्येला. माझ्या पोराचे पाय लई चपळ हाईत. ल्हानपणी मार चुकवून असा पळायचा, कुणाला घावायचा न्हाय."

या बाईला काय सांगू?

सकाळपासून सात वेळा ऋतुराजना फोन लावला. सातही वेळा संपर्क क्षेत्राच्या बाहेर. उद्या सकाळी गाडी जम्मूला पोचणार. त्यानंतर त्यांना कुठं पाठवतील, हे मला कोण सांगणार होतं? दुपारी मी साड्यांखालचा रिपोर्ट काढला आणि गच्चीवर गेले. उन्हात पाय भाजत होते. दोन्ही पानांचे फोटो काढले आणि हंबीरराव सुभेदारांना पाठवले. हंबीरराव म्हणजे ह्यांच्या संघाचे प्रशिक्षक. आपल्या कोडोलीचेच, आमच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिले होते. बोट दाबताना मी वाडीच्या दत्ताला एकच सांगितलं, शपथ मोडल्याचं जे काय असेल ते मला दे, पोरीला नको.

दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. "पोरी, हे कधीचं हाय?"

"मार्चचं."

"तू पाठवलंस हे त्येला ठावं हाय?"

"न्हाय."

"मी हे बघितलं म्हंजे मला वर द्यायला लागणार. मग मागं घेता येत न्हाय. त्येला पुढं धाडणार न्हाईत, पर त्येची हॉकीबी संपली बघ. हॉकी गेल्यावर त्या गड्याजवळ काय ऱ्हातंय, तुला ठावं हाय न्हवं?"

"माणूस ऱ्हातोय की, साहेब," मी म्हणाले. माझा आवाज इतका चिरकला की खाली अंगणातून सासूबाईंनी वर बघितलं.

दहा तारखेला सकाळी 'पोचलो' एवढाच मेसेज आला. संध्याकाळी टीव्हीवर भोंगा थांबला आणि बातमी आली, दोन्हीकडचा गोळीबार बंद. गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावून मोनाच्या तोंडात साखर घातली. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं आणि हंबीररावांना फोन केला.

"साहेब, ते वर देऊ नका."

"सकाळीच दिलं, पोरी."

मी तिथंच खाली बसले. लढाई थांबली म्हणून हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. एक दिवस. फक्त एक दिवस भीती गिळली असती तर?

दुसऱ्या दिवशी ऋतुराजचा फोन आला. "मेडिकलला बोलावलंय मला. कुणीतरी रिपोर्ट पोचवलाय. त्या डॉक्टरानं दिला असंल काय गं?"

डॉक्टरांवर ढकलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. "मी दिला," मी म्हणाले.

ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "थांबलं की गं सगळं."

"मला काय ठावं थांबणार हाय म्हणून? मला लई भ्या वाटलं वो."

"मला न्हवतं वाटत व्हय?" ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

जूनच्या शेवटी ते ऑपरेशनच्या आधी आठ दिवसांच्या सुट्टीवर घरी आले. मी फाट्यावर उभी होते. एसटीतून ते एकेक पायरी धरून उतरले. बॅग घ्यायला मी हात पुढं केला, दिली नाही. चालायला लागले तेव्हा उजवा पाय ओढत होते. मार्चपासून हा माणूस चारचौघांत दात दाबून सरळ चालला होता, माझ्याशिवाय कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आता अख्ख्या रस्त्यासमोर लंगडत होता. दुकानांतली माणसं माना वळवून बघत होती.

गल्लीच्या तोंडाशी तानाबाई भेटल्या. "अगं बाई, पायाला काय झालं रं ऋतुराज? गोळी लागली का काय?"

"न्हाय काकू, हॉकीत गेलाय गुडघा. आता खेळ बंद," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले.

मग चार पावलं पुढं जाऊन थांबले, दम घेतला. माझ्याकडे न बघता विचारलं, "भ्या गेलं का आता?"

"गेलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. फाट्यापासून आमचं घर पाच मिनिटांवर आहे. आम्हाला त्या दिवशी वीस मिनिटं लागली. मी त्यांच्या बाजूनं, त्यांच्या चालीनं चालले.