जोडीतला डावा

होय, मीच बोलतोय. पेटीतल्या डाव्या खाचेतलं, गारगोटीच्या ठिणगीनं उडणारं जुनं पिस्तूल. आता माझ्यात ना दारू, ना कुणाला माझा धाक. पण उजव्या खाचेतलं पिस्तूल आणि मी, आम्ही जुळे भाऊ आहोत, एकाच कारागिराच्या हातचे, एकाच अक्रोडाच्या लाकडाचे. इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातल्या ट्रेगार्थन घराण्यात पाच पिढ्या काढल्यात आम्ही.

या घरातला प्रत्येक मुलगा आरमारात जायचा. तो जहाजावर निघाला की जोडीतला उजवा त्याच्या सामानात आणि मी घरी. तो परतेपर्यंत आमच्या पेटीचं झाकण लावायचं नाही, ही घरची रीत. भाऊ जगभर फिरला आणि मी इथं धूळ खात पडलो. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

महायुद्धात पेरन निघाला. एकुलता एक, भारी थट्टेखोर. त्याचं जहाज बुडालं आणि पोराचा काही पत्ताच लागला नाही.

त्याची आई टॅमसिन म्हणायची, चर्चमध्ये प्रार्थना करू, भिंतीवर त्याचं नाव कोरून घेऊ. बाप जेगो, आरमारातून निवृत्त झालेला कप्तान, काही केल्या ऐकेना.

"झाकण उघडं आहे ना? मग पोरगा वाटेवर आहे."

"अहो, मला एकदा रीतसर रडू तरी द्या."

यावर तो उठून भावाची रिकामी खाच फडक्यानं पुसत बसायचा. मी शेजारीच होतो, पण मला कधी पुसलं नाही. माणसांचं असंच असतं.

युद्ध संपल्यावर एका रविवारी नॅन्स आला, पेरनचा जहाजावरचा सोबती. शत्रूच्या कैदेत होता, म्हणून इतका उशीर. त्यानं टेबलावर एक गाठोडं सोडलं. आत माझा भाऊ होता! खाऱ्या पाण्यानं पार गंजलेला, म्हणूनच कैदेतही कुणी काढून न घेतलेला, पण माझाच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

नॅन्स मान खाली घालून म्हणाला, "नावेत एकाचीच जागा उरली होती. त्यानं मला आत ढकललं आणि हे माझ्या कोटात कोंबलं. म्हणाला, घरी पोचव बाबा, नाहीतर आमचा म्हातारा झाकण लावायचा नाही."

कप्तान हसला. "गाढव कुठला," म्हणाला. नंतर त्यानं उजव्याला खाचेत ठेवलं आणि झाकणाला हात घातला.

"टॅमसिन, पाद्रीबाबांना निरोप दे. प्रार्थना ठेवू."

इतकी वर्षं हेच मागत होती ती. पण तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"आज नको हो. मटण-बटाट्याच्या करंज्या भाजायला टाकल्यात. एकीवर पेरनच्या नावाचं अक्षर काढलंय. दर रविवारी काढते मी."

झाकण दुसऱ्या दिवशी लागलं. तेव्हापासून आम्ही दोघे भाऊ अंधारात शेजारीशेजारी पडून आहोत. कधी ही पेटी तुमच्या हाती आली, तर एवढं करा. उजव्याला बाहेर काढा आणि कुठंही घेऊन जा. माझ्या शेजारची खाच रिकामी राहू द्या. ती रिकामी होती, तोवर या घरात तिघांचा स्वयंपाक होत होता.