कडीऐवजी पाटी

नाशिक रोडच्या त्या घरात बाथरूमची कडी तुटून तीन आठवडे झाले होते आणि सुतार रोज न चुकता 'उद्या येतो' म्हणत होता. शेवटी नववीतल्या चैतालीने जाहीर केलं की कडी हवीच कशाला, मी प्रोग्रॅम लिहिते. शाळेच्या रोबोटिक्स क्लासमधला छोटा स्क्रीन तिने दारावर पाटीसारखा चिकटवला आणि खाली तीन बटणं लावली. आत माणूस आहे का, पाणी तापलंय का, फरशी पुसायचीय का. प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही.

दोन दिवस घर खूश होतं. बुधवारी मालनआत्या 'आत माणूस' आणि 'पाणी तापलंय' ही दोन्ही बटणं दाबून आत केसांना कलप लावत बसली. प्रोग्रॅमने आधी पाण्याचं बटण तपासलं, तिथे 'हो' दिसल्यावर बाकीची बटणं न तपासता पाटीवर झळकवलं, 'रिकामं आहे, या.' चैतालीचे पप्पा, प्रफुल्लराव, टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले आणि मगभर पाणी तोंडावर घेऊन बाहेर आले.

"मी आत असताना ही पाटी रिकामं म्हणते. म्हणजे मी कोण, हवा?" आत्याने विचारलं.

पप्पांनी निकाल दिला. उद्या पुन्हा घोळ झाला तर पाटी भंगारात.

शाळेतून आल्या आल्या चैतालीने प्रोग्रॅममध्ये आणखी एक 'जर' घातला. मग त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. ओळी उजवीकडे सरकत सरकत स्क्रीनबाहेर पडायला आल्या. तीन हो-नाहीची मिळून आठ कॉम्बिनेशन्स होत होती आणि त्यातल्या निम्म्यांना घरात काही अर्थच नव्हता. घामाघूम होऊन ती पंखा वाढवायला उठली आणि रेग्युलेटरवरच तिचा हात थांबला. पंखा कधी एकाच वेळी दोनवरही आणि चारवरही असतो का?

तिने तिन्ही हो-नाही खोडून टाकली. त्यांच्या जागी एकच 'स्थिती' ठेवली, आणि तिला मोजून चार नावं घ्यायची मुभा दिली: रिकामं, तापतंय, आत माणूस, पुसायचंय. एका वेळी एकच नाव, पाचवं चालणार नाही. याला एनम म्हणतात हे रोबोटिक्सच्या सरांनी दोनदा सांगितलं होतं, पण डोक्यात शिरलं ते पंख्यामुळे. चाळीस ओळींच्या जेमतेम आठ उरल्या. बटणांच्या जागी तिने रेग्युलेटरसारखी एक फिरती खुंटी बसवली.

गुरुवारी सकाळी आत्याने खुंटी फिरवली आणि आत गेली. पाटीवर उमटलं, 'आत माणूस आहे.' बऱ्याच वेळाने पप्पा आले, त्यांनी पाटी वाचली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, वीस झाली, पप्पांनी दाराला बोटही लावलं नाही. त्यांच्या मागोमाग येऊन सोफ्यामागून बघणाऱ्या चैतालीला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पोह्यांची बशी घेऊन आत्या आली. ती पप्पा यायच्या आधीच बाहेर आली होती, फक्त खुंटी परत फिरवायला विसरली होती. असा काय उभा आहेस, तिने पप्पांना विचारलं.

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल ताई. आत माणूस आहे."