आठशे बारा वेढे

सूर्याजीची ठिणगी नऊ बोटं भरली, लक्ष्मीकांतची दोन, आणि लक्ष्मीकांत हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्याने ठरवलं की असं काही झालेलंच नाही. तेव्हा आपणही ते विसरू आणि नव्याने सुरुवात करू.

१९३४ साली लश्कर या संस्थानी शहरात, खासगी बाजारातल्या एका बोळात, समोरासमोरच्या दोन माड्यांवर दोन मित्र राहत. लक्ष्मीकांत दरबारच्या एका कचेरीत कारकून, सूर्याजी पलटणीच्या मोटारखान्यात मिस्त्री. नाद दोघांना एकच. मोटारीची बॅटरी, टाकाऊ कॉइल, मिठाचं पाणी भरलेल्या सोड्याच्या बाटल्या आणि तांब्याची तार, एवढ्या सामानावर घरात वीज कडाडवायची. खाली जाड तारेचे चार वेढे, वर नळीवर बारीक तारेचे शेकडो. खालच्या-वरच्याचा सूर जुळला की टोकातून निळी ठिणगी निघते. नाही जुळला तर नुसता वास येतो. लक्ष्मीकांतकडे बहुधा वास येई.

तेही चाललं असतं. पण त्याची बायको राजलक्ष्मी गाण्याच्या घरातली. ‘क्या बात है’ हे शब्द ती फार जपून वापरी. सहा वर्षांच्या संसारात ते तिने एकदा एका तराण्याला म्हटले, एकदा गोरखी वाड्याजवळच्या हलवायाच्या इमरतीला, आणि परवा गॅलरीतून सूर्याजीच्या ठिणगीला. नवऱ्याच्या वाट्याला आजवर ‘बरं आहे’ आलं होतं. ‘बरं आहे’वर माणूस किती दिवस काढणार?

तो सूर्याजीकडे गेला.

“सूर्या, सहज विचारतो, तुझे वेढे किती रे?”

“आठशे बारा. ये, मोजून घे. बाटल्या सहा. आणि ही नळी ने, जोडीतली दुसरी पडलीच आहे.”

“इतकं सगळं सांगू नकोस.”

“अरे यार, तुझ्यापासून काय छुपवायचं?”

हाच सूर्याजीचा खरा दुष्टपणा. त्याने थोडं लपवलं असतं तर त्याचा रीतसर द्वेष करता आला असता.

पंधरा दिवस खपून लक्ष्मीकांतने सूर्याजीचीच कॉइल पुन्हा बनवली. वेढे आठशे बारा. सूर्याजीच्या नळीवर हिरव्या रंगाचा एक डाग होता, तोही याने ब्रशने आपल्या नळीवर काढला. सूर्याजीने जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, तार नळाला बांधली होती म्हणून यानेही नळाला बांधली. बोळातला नळाचा पाइप एकच होता. आता फक्त बॅटरी जोडायची राहिली होती.

दिवेलागणीला तो कॉइलसमोर बसून सूर्याजीविषयी वाईट विचार करत होता. एकदम चर्रर्र झालं आणि टोकातून तीन बोटं ठिणगी उडाली. बॅटरी फडताळात होती.

“अगं, ये लवकर!”

राजलक्ष्मी हात पुसत आली. “बॅटरी कुठाय हिची?”

“बॅटरी लागत नाही,” लक्ष्मीकांत शक्य तितक्या साधेपणाने म्हणाला.

राजलक्ष्मीच्या भुवया वर गेल्या. “क्या...”

तेवढ्यात समोरून सूर्याजीच्या आईची, मंदाताईंची हाक आली. “सूर्या, पुरे झालं तुझं ते! पानं वाढलीयेत!” समोरची कॉइल बंद झाली. ही पण झाली.

राजलक्ष्मीने नवऱ्याकडे पाहिलं, मग गॅलरीत गेली. “भाऊजी, एकदा चालवा बघू.”

समोर खट्ट, इथे चर्रर्र.

“बंद करा. आता परत चालवा.”

पुन्हा चर्रर्र.

“क्या बात है!” राजलक्ष्मी म्हणाली. तोंड बोळाकडे होतं.

सूर्याजी उष्ट्या हाताने धावत वर आला. “लक्ष्म्या, दोन्ही कॉइलींचा सूर एकच! एक तंबोरा छेडला की शेजारचा वाजतो ना, तसं! पण मी मरमरून बॅटरी भरायची आणि तुझी फुकटात चालणार?” त्याचा चेहरा उतरला. त्या चेहऱ्यावर आयुष्यात प्रथमच हेवा होता. लक्ष्मीकांतने तो डोळे भरून पाहिला. त्याला वाढदिवसासारखं वाटलं.

हे सुख सकाळपर्यंत पुरलं. सकाळी सूर्याजीने बॅटरी मोटारखान्यात परत केली. “मला पण तुझ्यासारखीच पाहिजे. बिनबॅटरीची.”

तेव्हापासून रोज दिवेलागणीला दोघे आपापल्या थंड कॉइलसमोर बसतात आणि समोरचा सुरू करील म्हणून वाट पाहतात. लक्ष्मीकांतच्या फडताळात बॅटरी आहे. पण ती जोडली तर ठिणगी सूर्याजीकडेही उडेल, आणि मग राजलक्ष्मी कुठे बघेल, याचा भरवसा नाही.

शेवटी त्याने दरबारात अर्ज लावला:

“खासगी बाजारचे रहिवासी सूर्याजी यांस रोज सायंकाळी साडेसहा ते सात आपली कॉइल बॅटरीसह चालवण्याचा हुकूम व्हावा. सदर वेळेत त्यांच्या गॅलरीच्या दारास सरकारी मोहोर लावून ते बंद ठेवावे. तसेच अर्जदाराची पत्नी सौ. राजलक्ष्मी यांनी त्या अर्ध्या तासात आपले मुख अर्जदाराच्या दिशेनेच ठेवावे, याची तजवीज एक शिपाई नेमून करण्यात यावी, ही नम्र विनंती.”