बायकांनी आधी पाहायचं

"हे काढ, निलू," झुंबरबाई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढ."

निलोफरनं लॅपटॉप थांबवला. पडद्यावर दीड वर्षापूर्वीची पहाटेची गल्ली होती आणि ताहेराच्या दाराशी खराटा घेऊन वाकलेली झुंबरबाई. आदल्या संध्याकाळी तिथंच ताहेराच्या मुन्नाला भोसकलं होतं. भोसकणाऱ्यांत झुंबरबाईचा दिनेश होता. पंचनामा उरकला होता, ताहेरा सिव्हिलमध्ये प्रेताजवळ होती, आणि खराट्यानं न निघालेलं रक्त झुंबरबाई तळहातानं धूत होती.

नासर्डीकाठच्या या वस्तीतल्या टोळ्यांवर निलोफर तीन वर्षं माहितीपट करत होती. मुंबईची निर्माती फोनवर म्हणाली होती, "तो शॉट आहे म्हणून ही फिल्म आहे."

पण निलोफर मुळात लग्नांचं शूटिंग करणारी. पुरुष कॅमेरावाला चालत नाही अशा मेंदी-हळदीच्या खोल्यांत बारा वर्षं तिचाच कॅमेरा फिरला. नियम एकच: बायकांनी आधी पाहायचं, त्या म्हणतील ते त्यांच्यासमोर पुसायचं. त्या भरवशावर परक्या घरांतल्या लेकीसुना तिच्यापुढं मोकळ्या हसल्या, नाचल्या. म्हणून आज तिनं दोन्ही आयांना बोलावलं होतं. दीड वर्षात त्या पहिल्यांदाच एका छपराखाली बसल्या होत्या, निलोफरला मधे ठेवून.

"मावशी, यात तुमची बदनामी नाही. उलट..."

"त्येच तर! लोक म्हनतील, लय मोठ्या मनाची बाई. पोरानं मारलं आन् आईनं मिरवून घेतलं. मी काय कुनाला दावाया धुतलं नाय."

ताहेरा पडद्यावरची नजर काढत नव्हती. "दीड साल मी समजत होते, मनपाच्या माणसांनी धुतलं."

झुंबरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पुसणार ना गं, निलू?" ताहेरानं विचारलं.

निलोफरची तीन वर्षं होती त्यात. "हो, खाला."

"मग आधी एकदा दाखव. पूरा. आवाज के साथ."

आवाज खराट्याचा होता, पाण्याचा होता. आणि त्याखाली झुंबरबाईचा, लहान पोराला न्हाऊ घालताना काढतात तसा: "झालं रं मुन्ना. झालं बाबा, झालं."

ताहेरानं डोळे मिटून ते ऐकलं. मग मान हलवली. निलोफरनं दोघींच्या देखत ते दृश्य पुसलं, डिस्कवरचंही पुसलं.

तेवढ्यात गल्लीत पाणी आल्याची आरोळी उठली. झुंबरबाई उठली. त्या दिवसापासून ती पुलापलीकडच्या नळावर जायची.

"एवढं लांब कशाला मरतेस?" ताहेरा तिच्याकडे न बघता म्हणाली. "माझ्या दारात नळ आहे की."

झुंबरबाई घरी जाऊन हंडा घेऊन आली. ताहेराच्या दारची फरशी सुरू होते तिथं थांबली, चपला काढल्या, आणि अनवाणी नळापाशी गेली.