मागे लावलेला पेनड्राइव्ह

“मशीन बंद केल्यावर खरंच काही राहत नाही ना?” काकांनी पुन्हा विचारलं.

“नाही काका. सगळं जातं,” ताई म्हणाली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. लोक विचारायचे ते काम राहील ना म्हणून. काही राहायलाच नको असलेला हा पहिला माणूस.

वाचनालयातली संगणकांची खोली ताई सांभाळायची. पूर्वी तिथल्याच एका मशीनवर कुणीतरी खोटे दाखले बनवले होते आणि चौकशीत नाहक तिला ओढलं होतं. त्यानंतर कुणाचं काही मशीनवर राहूच नये म्हणून तिने सगळ्या मशीनमधल्या हार्डडिस्क काढून टाकल्या. आता मशीन सीडीवरून सुरू व्हायची. त्या सीडीवर कुणाला काही लिहिता येत नसे. पण लिहायला जागाच नसली की प्रोग्रॅम अडून बसत. म्हणून तिने खपून एक युक्ती जमवली. छापील पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर लिहावं, तशी. मशीनला वाटे, आपण सीडीवरच लिहितोय. प्रत्यक्षात सगळं मेमरीतल्या त्या कागदावर उमटे. मशीन बंद, की कागद गेला. खालचं पान जसंच्या तसं.

काका नेहमी कोपऱ्यातलं मशीन धरायचे. यायचे ते उजवा हात खिशात घालून. कुणी जवळ आलं की डावा हात पडद्यावर. एकदा तिला ओझरतं दिसलं: चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये माऊसने गिरवलेलं एकच नाव, खाली पुन्हा तेच, पुन्हा तेच.

“कुणाची तरी सही गिरवतात वाटतं,” तिने ग्रंथपालांना सांगितलं.

“म्हणजे परत तेच लफडं. या वेळी पुरावा हाताशी ठेवा, ताई. मागच्या खेपेला काय झालं, ठाऊक आहे ना?”

ते तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने त्या मशीनच्या मागे एक बारकासा पेनड्राइव्ह लावला आणि तो पारदर्शक कागद मेमरीतून काढून त्याच्यावर नेऊन ठेवला. आता बंद केलं तरी काही पुसलं जाणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका गेल्यावर तिने मशीन पुन्हा सुरू करून चित्रांचा प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर मोठाली अक्षरं आली. ‘आराम टेलर्स’. काना वाकडा, वेलांटी घसरलेली, रेघ थरथरत कुठच्या कुठे गेलेली. खाली तेच. अगदी शेवटचा ‘र’ तेवढा जरा सावरलेला.

ग्रंथपाल मागे येऊन उभे होते. “हे तर बालवाडीतलं पोर,” ते म्हणाले आणि हसत सुटले. ताईही ओशाळून हसली. त्या गडबडीत पेनड्राइव्ह काढायचा राहून गेला.

सकाळी ती आली तेव्हा काका कोपऱ्यात बसले होते. त्यांच्यासमोर तेच ‘आराम टेलर्स’ होतं.

“हे कालचं आहे,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

“काका, मला वाटलं...”

“काय वाटलं?”

तिची नजर मशीनच्या मागच्या पेनड्राइव्हकडे गेली, आणि तिच्या मागोमाग काकांचीही.

“आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या मी. अर्धांगाचा झटका आला नि हात गेला. घरी कागदावर गिरवतो, तर सून ते कागद जपून ठेवते. कौतुकाने. आल्यागेल्याला दाखवते.” त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. “म्हणून इथे येत होतो. आणखी कुणी पाहिलं?”

“ग्रंथपालांनी.”

“हसले?”

नाही म्हणणं सोपं होतं. “हो,” ताई म्हणाली. “मीसुद्धा.”

काकांनी मान हलवली आणि ते उठून गेले.

तिने पेनड्राइव्ह काढला, सगळं पहिल्यासारखं केलं. ग्रंथपालांनी विचारलं तेव्हा, “संशय घेण्यासारखं काही नव्हतं,” एवढंच म्हणाली. बरेच दिवस कोपरा रिकामा राहिला.

मग एका दुपारी काका आले. तिच्याकडे न बघता त्यांनी मशीनच्या मागे वाकून बोटांनी चाचपलं. पडद्यावर एक आडवी रेघ मारली, मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पडदा कोरा होता. तरीही थोडा वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मगच त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

आता रोज ते असंच करतात. रेघ, बंद, सुरू. तेवढा वेळ ताई खिडकीपाशी जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते, आणि माऊसचा आवाज पुन्हा सुरू झाला की मगच जागेवर येते.